अंबादासचा ठिपका

अंबादास माणसाकडे बघत नाही, माणसाच्या बुबुळांकडे बघतो. सण असो की सुतक, तुम्ही नमस्कार केलात की आधी तो दोन पावलं मागे सरकतो, मान कलती करतो आणि तुमच्या नाकावरचा चष्मा आडवा, उभा, तिरका न्याहाळतो. मग त्याचे हात शिवशिवायला लागतात. पुढच्या क्षणी चष्मा त्याच्या हातात, काडी त्याच्या अंगठ्याखाली आणि तुम्ही धूसर जगात उभे. "डावा कान वर हाय की तुमचा. आजपत्तोर कुनी सांगितलं न्हाई?" असं वर विचारतो. आता साठी उलटल्यावर आपला डावा कान वर आहे हे कळून माणसानं करायचं काय?

हे तो रस्त्यात करतो, देवळात करतो, पोस्टाच्या रांगेत करतो. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. अग्नी देऊन मुलगा रडत मागे वळला, तर अंबादासनं त्याचा खांदा थोपटता थोपटता चष्मा काढून घेतला, काडीला बाक दिला आणि परत नाकावर चढवला. "आता रडताना घसरायचा न्हाई," म्हणाला. आम्ही बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मूळचा मंगळवेढ्याचा, पण नोकरी बरीचशी सोलापूरच्या स्टँडावर माईकसमोर गेली. टेंभुर्णीची लागली, करमाळ्याची सुटली, असं ओरडून ओरडून मला आता प्रत्येक गोष्ट लवकर सुटावी असं वाटतं. बायको म्हणते, मी जेवायला बसतानाच उठायच्या बेतात असतो. निवृत्तीनंतर आम्ही सोलापुरातच पूर्व भागात घर घेतलं आणि समोरच निघालं अंबादासचं चष्म्याचं दुकान. मी दारात येरझाऱ्या घालणारा, आणि समोरचा गडीही दुकानात एका जागी टिकेल तर शपथ. ओळख व्हायला वेळ लागला नाही.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचाच पुढचा भाग. मागच्या खोलीत अंबादास एकटा राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर थोरला भाऊ नागनाथ आणि त्यांची बायको. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. घर विणकरांचं, आपसात तेलुगू बोलणारं. नागनाथअण्णांनी आयुष्यभर माग चालवले, चादरी आणि टॉवेल काढले. अंबादासला मागाची खडखड सोसली नाही, म्हणून तो चष्म्यांत शिरला. भावजयीला तेलुगूत वदिना म्हणतात, म्हणून आमची सगळी गल्लीच नागनाथअण्णांच्या बायकोला वदिना म्हणते.

मी पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेलो ते वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा चष्मा करायला. मला वाटलं होतं, डॉक्टरांचा नंबरचा कागद द्यायचा, फ्रेम निवडायची आणि सुटायचं. अंबादासनं मला खुर्चीत बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून समोर बसला आणि माझ्या नाकावर पट्टी आडवी धरली. "माझ्या डाव्या डोळ्यात बगा. आता उजव्या. नाक मधोमध असतं असं वाटतंय का तुमाला? कुनाचंच नसतं. तुमचं तर डावीकडं सरकलंय." मग फ्रेम चढवली. तिच्यात साध्या प्लॅस्टिकच्या काचा होत्या. माझ्या बुबुळाचा मध्य त्या काचेवर नेमका जिथं येईल तिथं पेनानं ठिपका द्यायचा, आणि पुढं खरी लेन्स त्या ठिपक्याच्या हिशेबानं बसवायची, असं ते काम. ठिपका वर गेला तर चालताना पुसट, खाली गेला तर वाचताना मान मोडायची.

"आता बसा, रोज बसता तसं," तो म्हणाला.

मी बसलो.

"ओळखपत्राचा फोटो न्हाई काढायचा. छाती आत घ्या. मान खोटी हाय तुमची."

ही त्याची आवडती तक्रार. बस म्हटलं की माणूस ताठ होतो, ती मान खोटी. खोट्या मानेवर ठिपका टाकला की चष्मा खोटा. "मग मानूस जन्मभर नाक वर करून फिरतोय, आनी लोकांना वाटतं याला गर्व झालाय," असं तो सांगतो. माझी मान खरी व्हावी म्हणून त्यानं मला चहा पाजला, दुकानात फेऱ्या मारायला लावल्या, रस्त्यावरची गाढवं बघायला लावली. मी जितका प्रयत्न करावा तितका ताठ. शेवटी तो गल्ल्याशी काहीतरी शोधत असल्यासारखा सहज म्हणाला, "साहेब, एक विचारू? स्टँडावर तुमी माईकवर काय बोलायचाव ते मानसाला कळायचं न्हाई बगा. मी एकदा तुमचं ऐकून करमाळ्याला म्हनून बसलो आनी टेंभुर्णीला उतरलो."

माझं डोकंच फिरलं. उभ्या हयातीत माझ्या आवाजाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी त्याला माईकचं सांगितलं, गर्दीचं सांगितलं, न ऐकता गाडीत घुसणाऱ्या त्याच्यासारख्यांचं सांगितलं. मी ऐन रंगात आलो असताना तो पुढं वाकला आणि टक, टक, दोन ठिपके.

"झालं. ही मान खरी. चिडल्यावर तुमी हनुवटी जरा पुढं काढता, ती बी धरली."

"पण मी काय दिवसभर चिडलेला असतो?"

"वैनींना इचारून घेतलंय."

चष्मा मात्र असा बसला की तो डोळ्यांवर आहे हे मी विसरून जायचो. आंघोळीलाही तसाच गेलो एकदोनदा. तेव्हापासून मी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. तो गिऱ्हाइकाला कुठं डिवचतो आणि कुठं गोंजारतो हे बघण्यात माझी दुपार जायची. आमच्या मंगळवेढ्याकडचा एक मेंढपाळ आला होता. त्याला मी आपलेपणानं पावसाचं विचारलं, तर अंबादासनं मला गप्प बसवलं. "पावसाचं काढलं की त्यो वर बघतोय. मेंढरांचं इचारा, म्हंजे समोर बघंल." एका बाईंना त्यानं सुनेबद्दल विचारलं आणि ठिपका टाकून झाल्यावर अर्धा तास ऐकत बसावं लागलं. तेवढं त्यानं ऐकलं.

पण हाच माणूस वर राहणाऱ्या सख्ख्या भावाशी बोलत नव्हता. त्याला कारण झालं होतं ते नागनाथअण्णांच्या मुलीचं लग्न. ही हकीकत मला वदिनांनी सांगितली, पदर तोंडाला लावून हसत.

त्यांच्या लग्नात मुहूर्ताच्या घटकेला मध्ये पडदा धरतात आणि नवरा-नवरी पडद्यावरून हात घालून एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गूळ ठेवतात. लग्न लागतं ते तिथं. नवरदेवाला जाड भिंगांचा चष्मा, आणि तो एका बाजूला कललेला. चुलता म्हणून अंबादास शेजारीच उभा. भटजींचे मंत्र चालू होते तोवर त्यानं कसाबसा दम धरला. अगदी शेवटी राहवलं नाही. त्यानं नवरदेवाचा चष्मा काढला, काडी दाबली आणि फ्रेम मधोमध मोडली. तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली. सगळे म्हणतायत, ठेव, ठेव लवकर. नवरदेवानं अंदाजानं हात लांब केला आणि जिरं-गूळ नवरीशेजारी बसलेल्या तिच्या मामाच्या टकलावर दाबून बसवला.

मांडव हसला. व्याही हसले नाहीत. अपशकुन, अपमान, काय काय बोलले. नागनाथअण्णा हात जोडून फिरत राहिले, आणि रात्री घरी आल्यावर धाकट्या भावाला एवढंच म्हणाले, "माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई. तोंड बी दाखवायचं न्हाई."

पुढं त्या मुलीचा संसार झकास झाला, जुळी झाली. व्याही स्वतः चष्म्याला अंबादासकडेच येतात. मामा तर प्रत्येक कार्यात ती गोष्ट रंगवून सांगतो. सगळे विसरले, दोघे भाऊ तेवढे अडून बसले. वदिना रोज दुपारी जिन्याच्या मधल्या पायरीवर डबा ठेवायच्या आणि अंबादास तो उचलायचा. नागनाथअण्णा तेव्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. एका घरात राहून वर्षानुवर्षं अंबादासला भावाचं एवढंच कळायचं की जिन्यावर पावलं वाजली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी नागनाथअण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलीनं मोठ्या मायेनं मोबाइलवरून नवा चष्मा मागवला. नुसता फोटो पाठवायचा की चष्मा घरपोच. तो घालून अण्णा पहिल्यांदा जिना उतरले तेव्हा अंबादास माझ्या बायकोच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होता. त्याचा हात थांबला. कान वर गेले.

"पायरी चाचपलालाय," तो म्हणाला.

मी दारातून बघितलं. अण्णांनी हनुवटी छातीला टेकवली होती आणि काचेच्या वरच्या कडेवरून ते पायरी शोधत होते. एक पाय हवेत तरंगत, कठडा घट्ट धरलेला.

"जवळचं बघायचा भाग वर बसलाय. खाली बघितलं की पायरी पुसट दिसती," अंबादास माझ्या मागून बोलला. "पडनार ओ, साहेब. ह्यो मानूस पडनार."

तेव्हापासून त्याचं चित्त उडालं. जिन्याचं लोखंड जरा वाजलं की हातातलं काम टाकून दारात. गिऱ्हाईक नाकावर फ्रेम घेऊन तसंच बसलेलं. ठिपके चुकू लागले, पुसून परत टाकू लागला. एका सकाळी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढलेला दिसला. नागनाथअण्णांनी मला वरून विचारलं, "हे महापालिकेनं केलं का?" मी म्हटलं, महापालिका आत जिन्यापर्यंत येत नाही. "मग न्हाई म्हाईत," म्हणाले आणि आत गेले. पट्ट्यांनी काही फरक पडला नाही, कारण पायऱ्या पुसट दिसत होत्या तसे पट्टेही पुसटच दिसत होते.

अण्णांना जिन्याशिवाय गती नव्हती. सकाळी दूध आणायचं, संध्याकाळी चौकात जुन्या मागवाल्यांबरोबर उभ्यानं चहा घ्यायचा, हा त्यांचा दिवस. घरात बस म्हटलं तर ऐकणारे नव्हेत.

"तुम्हीच करून द्या की चष्मा," मी अंबादासला म्हटलं.

"नंबरचा कागद वदिनानं डब्यातनं दिलाय. डोळ्यातलं अंतर मला तोंडपाठ हाय, ते जन्मभर बदलत न्हाई. पर मान?" तो स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत बोलत होता. "म्हातारपनी मान बदलती. अण्णा आता कसा बसतोय, पेपर कसा धरतोय, मी कुटं बगितलंय?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी नको ते अंगावर घेतो. म्हणालो, "द्या इकडं ती फ्रेम. मी टाकून आणतो ठिपके."

अंबादासनं मला दुकानात चांगलं पढवून पाठवलं. मी वर गेलो, वदिनांच्या हातचा चहा घेतला आणि काही सुचेना म्हणून सरळ म्हटलं, "अण्णा, ही फ्रेम जरा घालून बघा."

"का?"

"मला छंद आहे."

"चष्म्यावर ठिपके द्यायचा?"

"निवृत्तीनंतर माणूस काहीतरी करतो."

त्यांनी फ्रेम घातली आणि लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे बसले. मान खोटी, एवढं मलाही कळलं. आता डिवचायला पाहिजे. मी म्हटलं, "माग बंद केलेत ते बरं झालं. कटकट गेली." मला वाटलं ते उसळतील. ते उसळले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि हाताच्या बोटांकडे बघत राहिले. मला शरमल्यासारखं झालं. त्या गडबडीत मी पेन टेकवलं आणि सुटलो. दारातून बाहेर पडताना ते मागून म्हणाले, "जिना त्याला बी चढता येतोय की."

अंबादासनं काच उजेडात धरली. "ह्यो ठिपका डोळ्याचा का भुवईचा?"

मी जिन्याचा निरोप सांगितला.

"ते तुमाला म्हटला. मला कुटं म्हटलाय?"

मी हात जोडले. दोघांना एका गाडीत बसवून बाहेरून दार लावावं असं मला वाटलं.

चार-दोन दिवसांतच, सकाळी मी दात घासत असताना, जिन्यावर मोठा आवाज झाला. मी रस्ता ओलांडेपर्यंत अंबादास जिन्याखाली पोचला होता. नागनाथअण्णा मधल्या पायरीवर बसले होते. कोपर खरचटलं होतं, एका हातात कठडा होता आणि पिशवीतून दूध पायऱ्यापायऱ्यांवरून ओघळत होतं. बाकी निभावलं होतं. अंबादास खाली उभा, अण्णा वर बसलेले. मग अण्णा कठड्याला धरून उठले आणि वर निघून गेले.

अंबादासनं बादली आणून जिना धुतला. अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून धुतला. हात पुसले, फ्रेम आणि पेन खिशात टाकलं आणि मला म्हणाला, "चला, साहेब."

"मी कशाला?"

"चला की."

वर दाराशी तो थबकला. उंबऱ्याच्या अलीकडे. आत अण्णा खुर्चीत, वदिना त्यांच्या कोपराला हळद लावतायत. वदिनांनी वर बघितलं आणि हात तसाच ठेवला. 

"दारात हुबं राहून माप घेनार हाय का?" अण्णा म्हणाले.

अंबादास आत गेला. स्टूल ओढून समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून. अण्णांनी फ्रेम घातली. अंबादासनं त्यांच्याकडे बघितलं, आणि अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. एवढी वर्षं तोंड न बघितलेली माणसं एकदम टीचभर अंतरावर आली की डोळे ठेवणार कुठं? अंबादास कुठल्याही गिऱ्हाइकाला बोलतं करतो, त्याला इथं एक शब्द सुचेना. चहा झाला. अण्णा मध्येच पाणी प्यायला वळले, परत बसले. अंबादासनं पेन काढलं, ठेवलं, आणि म्हणाला, "मान खोटी हाय. उद्या येतो. तोवर जिना उतरायचा न्हाई, दूध मी आनतो."

दुसऱ्या दिवशी गेला. मान खोटी. तिसऱ्या दिवशी गेला. दूध देऊन बसला, अण्णांनी बाजारातल्या सुताचं काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं. मान खोटी. मग तो रोजच जायला लागला आणि मीही राहवेना म्हणून मागोमाग. दोघे तेलुगूत हळूहळू कायसं बोलायचे. कोण वारलं, कुणाचे माग विकले गेले, असलंच काहीतरी असावं. वदिना डबा जिन्यावर ठेवायच्या बंद झाल्या, तिथंच ताट वाढायला लागल्या. फ्रेम आपली टेबलावर.

शेवटी माझा धीर सुटला. खाली उतरल्यावर मी त्याला अडवला. "अंबादास, एका चहात माझी मान खरी केलीत तुम्ही. इथं एवढे दिवस? माणूस घरात कोंडलाय. चौकातले त्याचे सोबती मला रोज विचारतात."

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून डबी काढली. आत नवा चष्मा. तसलीच दुसरी फ्रेम, लेन्स बसवलेली, काड्या घासूनपुसून तयार.

"ठिपका पहिल्याच दिवशी नजरेनंच टाकला. पानी प्यायला वळला न्हवं का, तवा."

"मग द्यायचा की."

"दिला की झालं काम," तो म्हणाला. "मग मी वर कशाला जायाचं?"

  मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "उद्या द्या. त्यांना चौकात जाऊ दे."

त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबी उघडून चष्मा अण्णांच्या नाकावर चढवला. कानामागं बोट फिरवलं, मागे सरकून बघितलं, पुढं येऊन बघितलं. काही करायला उरलं नव्हतं. अण्णा उठले आणि सरळ जिन्यावर गेले. आम्ही तिघं मागे. ते उतरायला लागले, मान नेहमीसारखी, कठड्याला हात नुसता टेकवलेला. खाली पोचले, वळले, वर आले. खुर्चीत बसले. टेबलावरचा बिस्किटांचा पुडा उचलला आणि त्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं खडाखड वाचून दाखवली. वाचता वाचता एकदा अंबादासकडे नीट, सावकाश बघितलं.

मग पुडा खाली ठेवून म्हणाले, "जवळचं जरा पुसट दिसतंय."

मी तोंड उघडणार होतो. वदिनांनी दारातून माझ्याकडे असं काही बघितलं की मी ते मिटलं. दुसऱ्या कुणी हे वाक्य उच्चारलं असतं तर अंबादासनं दुकान डोक्यावर घेतलं असतं. तो नुसता भावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पुसट दिसतंय व्हय?"

"व्हय. उद्या येऊन बघ. च्याच्या टायमाला ये."

"येतो," अंबादास म्हणाला.  त्यानं टेबलावरची रिकामी डबी उचलून आपल्या खिशात टाकली. "डबी ऱ्हाऊ दे माझ्याकडं. उद्या आनतो."

अण्णा बरं म्हणाले आणि पायात चपला सरकवून चौकाकडे निघाले.